‘मसल वॉच’ ही सेवा शिंपले खाणाऱ्याच्या किती उपयोगाची?

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिण टोकाजवळ राहायला आल्यापासून मी कामावर जाताना रोज डम्बार्टन पूल ओलांडते. या पुलापाशी वाढणाऱ्या शिंपल्यांच्या मांसात डीडीटी किती, डिल्ड्रिन किती, क्लोर्डेन किती, अशी या जुन्या कीटकनाशकांची नोंद अमेरिकी सरकारची एक संस्था अनेक वर्षांपासून ठेवत आली आहे आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येते, हे मला इथे येऊन बराच काळ लोटल्यावर समजले. या सेवेचे नाव ‘मसल वॉच’. मसल म्हणजे आपले शिनाणे. समुद्र आणि हवामान यांचा अभ्यास करणारी ‘नोआ’ ही केंद्रीय संस्था १९८६ पासून ही सेवा चालवते. मी वेंगुर्ल्याची, तिसऱ्या, कालवे आणि शिनाणे खाऊन वाढलेली. त्यामुळे बाजारातून शिंपल्यांची पिशवी घरी आणणाऱ्या बाईला या नोंदींचा काय उपयोग होतो, एवढ्याच नजरेने हा अभिप्राय लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगते. किनाऱ्याची प्रकृती कशी बदलत गेली हे कळण्यासाठी याहून भरवशाची सार्वजनिक सेवा मी पाहिलेली नाही, आणि त्या कामासाठी मी तिला पाचपैकी पाच गुण देईन. ‘आज आणलेले शिंपले खाऊ का?’ या प्रश्नासाठी मात्र दोनच देता येतील, कारण त्या प्रश्नासाठी ती मुळात उभारलेलीच नाही. बहुतेक लोक तोच प्रश्न घेऊन तिच्याकडे जातात, आकडे पाहून घाबरतात किंवा उगाच निर्धास्त होतात, आणि दोन्ही वेळा चुकतात.

पाण्याची बाटली भरून तपासण्याऐवजी शिंपलेच का तपासायचे, हे समजले की या सेवेचे मर्म कळते. मासा पोहत दुसरीकडे निघून जातो. शिंपला मात्र खडकाला किंवा पुलाच्या खांबाला चिकटून जन्म काढतो आणि दिवसभर लिटरांवारी पाणी गाळत राहतो. डीडीटीसारखी जुनी क्लोरीनयुक्त कीटकनाशके पाण्यात फारशी विरघळत नाहीत, पण चरबीत मुरतात, आणि शिंपल्याच्या शरीरात त्यांचा निचरा फार सावकाश होतो. त्यामुळे पाण्याच्या नमुन्यात ज्याचा मागमूसही लागत नाही, ते त्याच जागच्या शिंपल्याच्या मांसात मोजता येते, आणि एका दिवसाच्या पाण्याऐवजी मागच्या कित्येक आठवड्यांचा हिशेब हाती येतो.

ही कल्पना १९८६ च्या बरीच आधीची आहे. १९६५ ते १९७२ या काळात शास्त्रज्ञ फिलिप बटलर यांच्या देखरेखीखाली अमेरिकेच्या १५ किनारी राज्यांतील खाड्यांमधून शिंपले गोळा केले गेले आणि ८,०९५ नमुन्यांची कीटकनाशकांसाठी तपासणी झाली. डीडीटीचे अंश जवळजवळ सगळीकडे सापडले. सर्वांत मोठा आकडा ५.३९ पीपीएम होता, म्हणजे किलोमागे ५.३९ मिलिग्रॅम. अमेरिकेत डीडीटीच्या शेतीवापरावर बंदी आली ती १९७२ मध्ये. पुढे १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेतील एडवर्ड गोल्डबर्ग यांनी जगभरच्या किनाऱ्यांवर शिंपल्यांचाच पहारा बसवावा अशी सूचना केली. त्यातून १९७६ ते १९७८ या काळात पहिला राष्ट्रीय प्रयत्न झाला, आणि मग ‘नोआ’ने आजचे काम हाती घेतले. मला यातली चिकाटी मोलाची वाटते. एखाद्या वर्षी तपासणी करून अहवाल छापणे सोपे असते. त्याच जागी, त्याच ऋतूत, त्याच पद्धतीने पुन्हा पुन्हा जाणे फार थोड्या सरकारांना जमले आहे.

या कामाची पद्धतही काटेकोर आहे. देशभर सुमारे ३०० ठिकाणे ठरलेली आहेत. अंडी सोडण्याच्या काळात शिंपल्याची चरबी झपाट्याने बदलते आणि तिच्यासोबत कीटकनाशकाचा आकडाही हलतो, म्हणून नमुने हिवाळ्यात घेतले जातात. एका नमुन्यासाठी साधारण ३० शिनाणे किंवा २० कालवे घेऊन त्यांचे मांस एकत्र वाटतात, म्हणजे एखाद्याच विचित्र शिंपल्यामुळे निष्कर्ष बिघडत नाही. प्रयोगशाळा बदलली तरी मोजमाप बदलू नये यासाठी ‘निस्ट’ ही प्रमाणन संस्था बोस्टन बंदरातील शिंपल्यांच्या गोठवलेल्या मांसापासून तयार केलेला प्रमाणित नमुना पुरवते, आणि प्रयोगशाळा त्यावर आपली उपकरणे पारखून घेतात. प्रत्येक ठिकाणाला चार अक्षरी संकेत आहे. माझ्या रोजच्या पुलाचा संकेत ‘एसएफडीबी’, उत्तरेकडील एमरीव्हिलचा ‘एसएफईएम’.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. संकेतस्थळावरून तक्ता उतरवून घेतला की पहिली अडचण अशी येते की डीडीटी नावाचा एकच आकडा कुठे दिसत नाही. डीडीटी आणि त्यापासून तयार होणारी डीडीई व डीडीडी, प्रत्येकाचे दोन प्रकार, असे सहा आकडे वेगवेगळ्या ओळींत असतात आणि त्यांची बेरीज आपणच करायची असते. ती बेरीज केल्यावर दुसरी अडचण समोर येते, आणि तीच खरी फसवी आहे. हे सर्व आकडे कोरड्या वजनावर दिलेले असतात, म्हणजे मांसातील पाणी पूर्ण उडवून उरलेल्या भुकटीच्या एका ग्रॅममागे किती नॅनोग्रॅम (म्हणजे ग्रॅमचे अब्जावे भाग), अशा हिशेबाने. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण शिंपल्यातील पाण्याचे प्रमाण कमीजास्त होत असते. पण आपण भुकटी खात नाही. शिनाण्याच्या मांसात सुमारे ८५ ते ८८ टक्के पाणी असते, तेव्हा तक्त्यातील आकड्याला सातने किंवा आठने भागले की ताटातल्या ओल्या मांसाचा अंदाज येतो.

समजा, एखाद्या ठिकाणी सहाही आकड्यांची बेरीज २४० नॅनोग्रॅम झाली. आठने भागले की ओल्या मांसाच्या ग्रॅममागे ३० नॅनोग्रॅम, म्हणजे ३० पीपीबी. हे जास्त की कमी? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने माशांच्या खाण्यायोग्य भागासाठी डीडीटीची कारवाईची मर्यादा ५ पीपीएम, म्हणजेच ५,००० पीपीबी ठेवली आहे. त्या मापाने ३० हा आकडा नगण्य ठरतो. पण कॅलिफोर्निया राज्याच्या पर्यावरणीय आरोग्य कार्यालयाने २००८ मध्ये आठवड्यातून एकदा आणि आयुष्यभर मासे खाणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून जे आदर्श उद्दिष्ट सांगितले, ते डीडीटीसाठी २१ पीपीबी आहे. त्या मापाने ३० हा आकडा रेषेच्या थोडा वर जातो. डिल्ड्रिनच्या बाबतीत तर हे उद्दिष्ट ०.४६ पीपीबी इतके बारीक आहे, आणि अन्न व औषध प्रशासनाची मर्यादा ३०० पीपीबी. दोन्ही आकडे सरकारीच आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिली मर्यादा बाजारातून माल उचलायचा की नाही हे ठरवण्यासाठी आहे. दुसरे उद्दिष्ट म्हणजे लाखोंच्या लोकसंख्येतील कर्करोगाचा अगदी लहान वाढीव धोकाही टाळण्याची आकांक्षा आहे, आणि ते ओलांडले म्हणून कोणी दुकान बंद करत नाही. मसल वॉचच्या पानावर ही दोन मापे आकड्यांच्या शेजारी ठेवलेली असती, तर माझ्यासारख्या किती जणांचा गोंधळ वाचला असता! एवढे कष्ट घेऊन मोजलेला आकडा वाचणाऱ्याला कळेल अशा रूपात द्यावा, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

पुढची पायरी म्हणजे आपल्या पिशवीतले शिंपले कुठले, हे शोधणे. याबाबत अमेरिकेतील दुसरी एक जुनी व्यवस्था फार कामाची आहे. १९२४-२५ मध्ये कालवांमुळे विषमज्वराची मोठी साथ पसरली, आणि त्यानंतर शिंपल्यांच्या स्वच्छतेसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या नियमानुसार कवचासह विकल्या जाणाऱ्या शिंपल्यांच्या प्रत्येक गोणीला चिठ्ठी असावी लागते, तिच्यावर शिंपले काढल्याची जागा, तारीख आणि विक्रेत्याचा प्रमाणपत्र क्रमांक असतो, आणि गोणी संपल्यावरही दुकानदाराने ती चिठ्ठी ९० दिवस जपून ठेवायची असते. मी ज्या दुकानात पहिल्यांदा ही चिठ्ठी मागितली, तिथल्या मुलाला ती काय असते हेच ठाऊक नव्हते. त्याने आत जाऊन विचारले आणि परत येऊन ‘ताजे आहेत’ असे सांगितले. मी ते घेतले नाहीत. दुसऱ्या दुकानात काउंटरवरच्या बाईंनी बर्फाच्या खोक्यामागून ओली, सुरकुतलेली चिठ्ठी काढून माझ्यासमोर धरली. तेव्हापासून मी त्यांच्याकडेच जाते.

त्या चिठ्ठीवर शिंपले काढल्याची जागा होती प्रिन्स एडवर्ड आयलंड. अमेरिकेतील दुकानांत मिळणारे बरेचसे काळे शिनाणे कॅनडातील याच बेटावरून येतात, आणि मसल वॉच अमेरिकेच्या किनाऱ्याबाहेर जात नाही. म्हणजे मी जे सर्वांत जास्त खात होते, त्याविषयी ही सेवा काहीच सांगू शकत नव्हती. कालवांच्या बाबतीत नशीब बरे निघाले. ती कॅलिफोर्नियातल्याच टोमालेस बे येथील होती, आणि तिथे मसल वॉचचे ठिकाण आहे. आठवडाभर संध्याकाळी बसून मी त्या जागेच्या आणि डम्बार्टन पुलाच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा शेतीमळे आणि टेकड्यांमधली अरुंद खाडी आणि कारखान्यांनी वेढलेला उपसागर यांतला फरक एकही नकाशा न उघडता कळला. इथे एक गोष्ट विसरता कामा नये. मसल वॉचची ठिकाणे विक्रीच्या शिंपल्यांची शेते नव्हेत. डम्बार्टन पुलाखालचे शिंपले कोणी बाजारात आणत नाही.

वॉशिंग्टन राज्यातील विलापा बे इथे या सेवेची आणखी एक मर्यादा मला दिसली. तिथले कालवे प्रसिद्ध आहेत, आणि तिथेही मसल वॉचचे ठिकाण आहे. पण तिथे कीटकनाशक शेतातून वाहून आले नव्हते. कालवांची शेती करणारेच ते फवारत होते. चिखलात बिळे करणारी एक कोळंबी तिथली जमीन इतकी भुसभुशीत करते की कालवे चिखलात रुतून मरतात. तिच्यावर उपाय म्हणून १९६३ पासून पुढे कित्येक दशके ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलावर कार्बारिल फवारले गेले. त्याच्या जागी इमिडाक्लोप्रिड वापरायला राज्याने २०१५ मध्ये परवानगी दिली, तेव्हा ग्राहकांनी आणि हॉटेलांनी इतका विरोध केला की काही आठवड्यांतच ती मागे घ्यावी लागली, आणि २०१८ मध्ये नवा अर्जही नाकारला गेला. मसल वॉचची नेहमीची यादी डीडीटी, क्लोर्डेन, डिल्ड्रिन, एंडोसल्फान, लिंडेन, मायरेक्स अशा जुन्या आणि चिवट रसायनांची आहे. कार्बारिल त्या कुळातले नाही. ते लवकर विघटन पावते आणि शिंपल्यात फार दिवस टिकत नाही. त्यामुळे विलापाच्या जुन्या नोंदींत डीडीटी घटताना दिसते, आणि फवारणीची कथा तिथे कुठेच दिसत नाही. हा शिंपल्याच्या साक्षीचाच दोष आहे. त्याला जे साठवता येते, त्याविषयीच तो बोलतो. अलीकडे नव्या रसायनांसाठी वेगळ्या पाहण्या झाल्या आहेत, कॅलिफोर्नियात २००९-१० मध्ये अशी एक मोठी पाहणी झाली, पण जुन्या यादीसारखी दशकांची सलग रेघ त्यांना अजून लाभलेली नाही.

आणखी एक तक्रार नोंदवते, आणि ती माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावरची आहे. रिचमंड शहरात लॉरिट्झन कालवा नावाची बंदरातल्या पाण्याची एक छोटी पट्टी आहे. १९४७ ते १९६६ या काळात तिच्या काठावर कीटकनाशके दळून आणि मिसळून पिशव्यांत भरण्याचे काम चाले, आणि डीडीटीची भुकटी पाण्यात जाऊन गाळात बसली. मसल वॉचची ठिकाणे मोठ्या परिसराचे सरासरी चित्र मिळावे म्हणून निवडलेली आहेत. एखाद्या कोपऱ्यातला विषाचा साठा शोधणे हे त्यांचे काम नाही. हा साठा उजेडात आणण्यात मोठा वाटा होता तो कॅलिफोर्निया राज्याने १९७७ मध्ये सुरू केलेल्या स्वतंत्र शिंपले-तपासणीचा. त्यांची युक्ती मला फार आवडली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील बोडेगा हेडच्या स्वच्छ खडकांवरून शिनाणे काढायचे, जाळीच्या पिशव्यांत भरून संशयित जागी काही महिने टांगून ठेवायचे आणि मग काढून तपासायचे. ज्या ठिकाणी शिंपले जगतच नाहीत, तिथेही अशी साक्ष मिळवता येते. १९९० मध्ये लॉरिट्झन कालव्याची जागा देशातील सर्वांत दूषित स्थळांच्या यादीत गेली, १९९६-९७ मध्ये गाळ उपसला गेला, तरीही नंतरच्या तपासण्यांत डीडीटी ठरवलेल्या उद्दिष्टाच्या वरच राहिले. रिचमंड बंदराच्या त्या भागातील शिंपले आणि काही जातींचे मासे कोणीही खाऊ नयेत, असा इशारा राज्याने १९९४ मध्येच दिला होता. राज्याचे काम आणि केंद्राचे काम एकाच पानावर एकत्र पाहायला मिळाले असते, तर किनाऱ्यावर गळ टाकून बसणाऱ्या गरीब कुटुंबांना त्याचा उपयोग झाला असता. आकड्यांच्या फायली त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत, आणि उपसागरातले मासे व शिंपले सर्वांत जास्त तेच खातात.

आईला फोनवर हे सगळे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “अगं, तिसऱ्या ताज्या आहेत की नाहीत हे वासावरून कळतं. औषध कशावरून कळायचं?” आमच्याकडे फवारणीच्या रसायनाला औषधच म्हणतात. आंब्यावरच्या तुडतुड्यांसाठी मारलेले औषध पहिल्या पावसात ओहोळाला लागते आणि ओहोळ खाडीत जातो, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. तिचा प्रश्न योग्य आहे, आणि कोकणापुरता तो अधिकच खरा आहे. भारतात शेतीसाठी डीडीटीवर १९८९ मध्ये बंदी आली, पण हिवतापाच्या डासांसाठी ते पुढेही वापरले गेले. एंडोसल्फान २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थांबवले. ज्या रायगड जिल्ह्यातून मुंबईला मासळी जाते, त्याच जिल्ह्यातल्या रसायनी इथे सरकारी कारखान्यात डीडीटी बनत असे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०११ च्या नियमावलीत मांस आणि माशांतील डीडीटीची मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅम आहे, म्हणजे अमेरिकेच्या ५ पेक्षा सैल. समुद्राच्या पाण्याची तपासणी आपल्याकडे ‘कोमॅप्स’ या केंद्रीय कार्यक्रमातून १९९१ मध्ये सुरू झाली, आणि जपानच्या एहिमे विद्यापीठातील शिन्सुके तानाबे यांनी आशियात शिंपल्यांचा पहारा उभारला, तेव्हा त्यात भारतातले हिरवे शिनाणेही होते. म्हणजे कल्पना आपल्याला परकी नाही आणि जाणकारांचीही वाण नाही. आईला हवे आहे ते इतकेच, की वेंगुर्ल्याच्या खाडीतल्या तिसऱ्यांचा गेल्या वीस वर्षांचा आकडा तिला मराठीत, ओल्या वजनावर, एका पानावर दिसावा.

इथे नव्याने आलेल्या आपल्या लोकांनी ही सेवा जरूर वापरावी, पण एक भ्रम ठेवू नये. शिंपल्यांमुळे माणूस तातडीने आजारी पडतो तो जंतूंमुळे किंवा समुद्री शेवाळाच्या विषामुळे, आणि त्यांविषयी मसल वॉच काही सांगत नाही. कॅलिफोर्नियात १ मे ते ३१ ऑक्टोबर या काळात स्वतः खडकावरून काढलेले शिनाणे खाण्यास राज्याची मनाई असते, ती त्या विषामुळे. कितीही उकळले तरी ते जात नाही. कीटकनाशकाचा धोका वेगळा आहे. तो एका जेवणाचा नसतो. वर्षानुवर्षे एकाच खाडीतले शिंपले खाणाऱ्याचा असतो, आणि म्हणूनच त्याचा माग काढायला वर्षानुवर्षांची नोंद लागते. मी आता जागा बदलत राहते, चिठ्ठी वाचल्याशिवाय पैसे देत नाही, आणि स्थानिक माल असेल तर त्या किनाऱ्याचा तक्ता वर्षातून एकदा उघडून पाहते. गेल्या रविवारी टोमालेसचे कालवे आणले, खोबरे आणि त्रिफळे घालून केले, आणि त्यांची चिठ्ठी फ्रिजच्या दाराला अजून लावून ठेवली आहे.